देवाशी समेट कसा करायचा? अगदी पहिल्या प्रार्थनेपासून सांगते

मिरज-सांगली भागात प्रार्थनेसाठी भेटणारी माणसं शंभर अडचणी घेऊन येतात, कुणाचं कर्ज, कुणाचं पोरगं ऐकत नाही, कुणाचं दुखणं, पण जरा बोलणं झालं की बहुतेकांचं गाडं एकाच वाक्यावर येऊन थांबतं, "सगळं आहे ओ ताई, पण मनाला शांती नाही." आणि अजून थोडं बसलं की खरं काय ते बाहेर येतं, देव आपल्यावर नाराज आहे असं वाटतंय, कधीपासून ते माहीत नाही, आणि त्याच्यासमोर जायचं तोंड नाही. हे लिहितेय ते अशा माणसांसाठी. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी वाचा, आणि ख्रिस्ती घरात जन्मलेले असाल तर जास्तच वाचा, कारण लहानपणी बाप्तिस्मा झालाय, मोठेपणी तो विश्वास चर्चमध्ये पक्का करायचा विधी, म्हणजे दृढीकरण, झालंय, नाताळला नवीन कपडे घालून चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो, पण देवाशी बोलणं वर्षानुवर्षं बंद, अशी माणसं आमच्यात काही कमी नाहीत.

आधी एक गोष्ट मनात नीट बसू द्या, नाहीतर पुढचं सगळं उलटं होतं. शांती म्हटलं की आपण मनाची अवस्था शोधतो, म्हणजे डोकं शांत, छाती हलकी. ती मिळते, नाही असं नाही, पण बायबल सुरुवात तिथून करत नाही. बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा ५ वा अध्याय काढा. ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवासमोर निर्दोष, ठरल्यामुळं आपल्याला येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाबरोबर शांती आहे, आणि पुढं १० व्या वचनात सांगतो की आपण शत्रू होतो तेव्हाच त्याच्या पुत्राच्या मरणाने आपला समेट झाला. शत्रू होतो तेव्हाच, म्हणजे आपण सुधारल्यावर नाही, आपण रडत आल्यावर पण नाही. वैर संपवायचं काम देवाने त्याच्या बाजूने आधीच करून ठेवलंय. तुमचं मन आज बरं आणि उद्या उदास असेल, पण ते काम काही त्याच्यावर अवलंबून नाही.

आता आपली अडचण अशी की आपल्या अंगात नवस मुरलाय. देव रागावलाय तर काहीतरी द्यायचं, काहीतरी सोडायचं, मग तो वळेल. चर्चमध्ये जाणारे आपण पण तेच करतो, फक्त नाव बदलतो. तंबाखू सोडीन मग प्रार्थना करीन, रोज दोन अध्याय वाचीन मग देवाजवळ जाईन, थोडा चांगला झालो की मग. आणि तो "मग" कधी येत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे काय हे आपल्याकडं सांगावं लागत नाही, जामीनदाराच्या पगारातून हप्ते कापले गेलेली घरं प्रत्येक गल्लीत आहेत, तर समजा तुमच्या जामीनदाराने सगळी थकबाकी व्याजासकट भरून टाकली आणि नील दाखला आणून तुमच्या हातात ठेवला, आणि तुम्ही तरीही दर महिन्याला त्या पतसंस्थेच्या रस्त्यावरून मान खाली घालून जाताय. इब्री लोकांस पत्राच्या ७:२२ मध्ये, म्हणजे ७ व्या अध्यायाच्या २२ व्या वचनात, येशूला कराराचा जामीन म्हटलंय ते ह्याच अर्थाने. वधस्तंभावर त्याचे शेवटचे जे शब्द त्याचा शिष्य योहान ह्याने आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवलेत त्यात "पूर्ण झाले आहे" असं आहे. हप्ता शिल्लक नाही.

मग करायचं काय? घ्यायचं. आणि घेण्यासाठी आधी आपल्याला काय हवंय ते कबूल करायचं.

एक वही घ्या, साधी शाळेची चालेल, आणि असा वेळ बघा की घरात कुणी हाक मारणार नाही, पहाटे पाणी यायच्या आधी किंवा रात्री सगळी झोपल्यावर. स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्या बाबतीत जे केलं आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मारवलं, त्यानंतरची ही प्रार्थना, आणि ह्यात तो एकही सबब सांगत नाही, तेवढं लक्ष देऊन बघा. मग लिहा. मोघम लिहू नका, "देवा मी पापी आहे" हे वाक्य म्हणायला लय सोपं आहे कारण त्यात काहीच सांगावं लागत नाही. लिहायचं ते असं: आईच्या औषधाचे पैसे मी भावाकडून घेतले आणि दुसरीकडं खर्च केले. बायकोला पोरांसमोर मारलं. अमुक बाईबद्दल मी जे पसरवलं ते खरं नव्हतं. नावानिशी. ती वही कुणाला दाखवायची नाहीये, नंतर फाडून टाकली तरी चालेल.

लिहिताना पानाच्या मधे एक रेघ मारा, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. डावीकडं मी केलेलं, उजवीकडं माझ्यावर झालेलं. कारण माणसं ह्या दोन्हीचा काला करतात आणि दुसऱ्याने केलेल्या गोष्टीचं ओझं आपल्या पापाच्या यादीत घालून बसतात. लेकरू झालं नाही म्हणून सुनेला म्हणायचं काय पाप केलंस, अपंग मूल जन्मलं की आईबापाच्या मागच्या गोष्टी काढायच्या, हे आपल्याकडं सर्रास चालतं, आणि चालवणाऱ्यात चर्चमधली माणसं पण असतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात शिष्यांनी येशूला हेच विचारलं, हा जन्मापासून आंधळा, तर पाप कुणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं? येशूने सरळ सांगितलं, ह्याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा असंच झालं, ज्यांच्या घरात पाणी शिरलं, गोठ्यातली जनावरं गेली, त्यातले कितीतरी जण विचारत होते की देवाने आम्हालाच का शिक्षा दिली. त्यांच्यासाठी लूकच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय आहे. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूने विचारलं, ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि उत्तर त्यानेच दिलं, नाही. तेव्हा उजव्या बाजूचं जे आहे ते देवाला दुःख म्हणून सांगा, रडून सांगा, पण त्याची क्षमा मागत बसू नका. डाव्या बाजूची मागा.

आता प्रार्थना. शब्द सुचत नसतील तर हे घ्या, तुमच्या बोलीत बदलून म्हणा, पुस्तकी मराठी लागत नाही: "देवा, मी आलोय. आजवर तुला टाळलं. मी हे हे केलं, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. येशू माझ्यासाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला ह्यावर मी विश्वास ठेवतो. त्याच्यामुळं मला माफ कर, तुझं लेकरू म्हणून जवळ घे, आणि इथून पुढं तू म्हणशील तसं चालायला मला शिकव. आमेन." एवढंच. मोठ्याने म्हणा पण, निदान ओठ हलू देत, मनातल्या मनात म्हणताना माणूस अर्ध्यात दुसऱ्या विचारात जातो. गुडघे टेकता आले तर टेका, संधिवात असेल तर खुर्चीत बसा, देव तेवढं समजतो. लूक १८ मधला जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे तो कर गोळा करणारा, तर दूर उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणाला की हे देवा, मज पाप्यावर दया कर, आणि येशू म्हणतो तो नीतिमान ठरून घरी गेला.

बऱ्याच जणांना ह्यानंतर काहीच वाटत नाही आणि ते घाबरतात. नका घाबरू. काही लोक ढसाढसा रडतात, काहींना नुसती गाढ झोप लागते, काही दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे दूध घालायला जातात आणि आठवड्याने कधीतरी जाणवतं की आतली ती कुरतड थांबलीय. १ योहान १:९ पाठ करून ठेवा, आपण पापं कबूल केली तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, आपल्या पापांची क्षमा करतो आणि शुद्ध करतो. त्यात तुम्हाला कसं वाटतंय ह्याची अट कुठं आहे का बघा. जुनी गोष्ट परत डोक्यात आली, आणि ती येणारच, तर परत पहिल्यापासून क्षमा मागायची नाही, त्या वेळी आभार मानायचे की हे तू माफ केलंयस. एक खूण सांगते, देवाचा आत्मा जेव्हा टोचतो तेव्हा तो नेमकं काय ते दाखवतो आणि पुढं काय करायचं तेही दाखवतो, आणि जो आवाज नुसता "तू वाईटच आहेस, तुझं काही होणार नाही" असं गोल गोल बोलत राहतो तो देवाचा नाही.

आता जरा अवघड भाग, आणि माझ्या मते इथंच बहुतेकांची शांती अडकते. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो, तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध, हे बघा, तुझ्या मनात भावाविरुद्ध असं म्हटलेलं नाही.

आमच्या ओळखीतले एक काका आहेत, शेत तासगावकडं, द्राक्षबाग. वडील गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली, आणि मग दरवर्षी नांगरताना धाकट्या भावाच्या बाजूचा बांध थोडा थोडा कोरला जायला लागला, एक दिवस कोपऱ्यातला हद्दीचा दगडच सरकला. मग पाण्याच्या पाळीवरून भांडण, मग वाटेवरून, मग कोर्टाच्या तारखा. अंगण एकच, पण ह्या घरचं लग्न झालं तर त्या घरचं माणूस हळदीला नाही. काका बरीच वर्षं चर्चला येत होते, प्रार्थना करत होते, आणि शांती नाही म्हणून सांगत होते. बायबल वाचता वाचता जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं १९:१४ पुढं आलं, तिथं स्पष्ट लिहिलंय की शेजाऱ्याच्या शेताची पूर्वजांनी ठरवलेली खूण सरकवू नको. काका मला म्हणाले, "ताई, हे तर माझा गट नंबर बघून लिहिलंय."

त्यांनी पुढं काय केलं ते नीट सांगते कारण शिकण्यासारखं आहे. एक, ते एकटेच गेले, चार पंच बरोबर घेतले नाहीत, कारण पंचांसमोर माणूस खरं बोलत नाही, मान राखायला बघतो. दोन, "झालं गेलं विसरून जाऊ, दोघांचंही चुकलं" असलं काही बोलले नाहीत. भावाच्या दारात उभं राहून म्हणाले, "दगड मी सरकवला होता." बस्स. भाऊ बसा पण म्हणाला नाही. तीन, सरकारी मोजणीचा अर्ज त्यांनी स्वतः दिला, फी स्वतः भरली, आणि मोजणीत जो कोपरा निघाला तिथं दगड परत बसवला, बागेची एक ओळ त्यात गेली, चालू पिकाची. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट चर्चमध्ये सगळ्यांना माहीत आहे, लूक १९, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला तो, पण त्या गोष्टीचा शेवट हिशोबाने होतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. आणि येशूने तेव्हा म्हटलं की आज ह्या घराला तारण मिळालं. परत दिल्यामुळं तारण विकत मिळालं असं नाही बरं का, तारण घरात आलं होतं म्हणून मूठ उघडली. काकांना चहा तिसऱ्या भेटीत मिळाला, केस मिटायला त्याहून वेळ लागला. पण झोप त्यांना दगड बसवला त्या रात्रीपासून लागायला लागली, भाऊ बोलायच्या कितीतरी आधी.

तुम्हाला जायचं असेल तर प्रत्यक्ष जा, लांब असेल तर फोन करा. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज टाकू नका, तो फॅमिली ग्रुपवर फिरतो आणि भांडण वाढतं. सणाच्या दिवशी, पाहुणे असताना जाऊ नका. आपलं तेवढं बोला, "पण" हा शब्द वापरू नका, कारण "माझं चुकलं पण" म्हटलं की समोरच्याला फक्त पुढचंच ऐकू येतं. आणि समोरच्याने माफ केलं नाही तर? रोमकरांस १२:१८ मध्ये पौल मोजून बोललाय, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं. तुमच्याकडचं झालं की तुम्ही मोकळे.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. ज्या बाईला नवरा मारतो, ज्या मुलीवर घरातल्याच कुणी हात टाकलाय, तिला "क्षमा कर आणि परत जा" असं सांगणारा कुणी असेल, मग तो चर्चचा पाळक का असेना, त्याचं ऐकू नका. मनातला सूड देवाच्या हातात सोपवणं ही एक गोष्ट, आणि मार खायला परत त्या घरात जाणं ही वेगळी गोष्ट. पहिलीला वेळ लागला तरी चालेल. दुसरी देव मागत नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा, पोलिसांची मदत लागली तर घ्या.

तसंच आजाराचं. झोप न येणं, जीव नकोसा वाटणं, हातपाय कापणं हे सगळं पापामुळंच असतं असं नाही, तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर आहेत. आपल्या मिरजेत तर हे समजायला अवघड जाऊ नये, डॉ. वानलेस १८८९ साली मिशनरी म्हणून भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला, प्रार्थना करणारा माणूसच हातात सर्जरीची हत्यारं घेऊन उभा होता. प्रार्थनेला बसा आणि गोळ्या पण वेळेवर घ्या. गोळ्या बंद कर, विश्वास कमी पडतो असं सांगणाऱ्यापासून लांब राहा, आणि प्रार्थनेचे पैसे मागणाऱ्यापासून तर चार हात लांब. दानपेटीत काय टाकायचं ते तुमचं तुम्ही मनाने टाका, पण क्षमेची पावती फाडली जात नसते.

घरचे ख्रिस्ती नाहीत, माळकरी घर आहे, आता कसं सांगू, हा प्रश्न सातारा-सांगलीकडं हमखास येतो. मला विचाराल तर घाई करू नका आणि घरच्यांच्या श्रद्धेबद्दल वाकडा शब्द काढू नका. कवी नारायण वामन टिळकांचं बघा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घर फुटलं, पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं वेगळे राहिले, आणि लक्ष्मीबाई पुढं स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला ख्रिस्ताकडं आल्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं टिळक सांगायचे, अभंग त्यांनी सोडला नाही, येशूला अभंगात आणला. आणि १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. तेव्हा येशूवर विश्वास ठेवायला आधी आपली भाषा, आपलं जेवण, आईच्या पाया पडणं सोडावं लागतं असं मनात आणू नका. उलट घरच्यांना फरक तुमच्या वागण्यात दिसू दे, आवाज खाली आलाय, पगार घरी येतोय, सासूला दवाखान्यात न्यायला तुम्हीच पुढं होताय. ते विचारतील तेव्हा सांगा. बाप्तिस्म्याचा विचार सवडीने, पाळकांशी बोलून, कुणाच्या दबावाखाली नाही आणि कुणाच्या आमिषाने तर अजिबात नाही.

एकट्याने मात्र फार दिवस राहू नका. मिरज-सांगलीकडं प्रेस्बिटेरियन मिशनच्या काळापासूनच्या मंडळ्या, म्हणजे चर्च, आहेत, सातारा-वाईकडं अमेरिकन मराठी मिशनच्या, शिवाय कॅथलिक चर्च आहेत, कॅथलिक असाल तर फादरकडं जाऊन पापनिवेदन करायची सोय आहेच, तिचा उपयोग करा, लाजू नका. पहिल्यांदा जाताना मागच्या बाकावर बसलात तरी चालतं. गाणी येत नसतील तर शेजारचा पुस्तक पुढं करतो. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, रविवार असेल आणि तुमचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर जागेवर बसून प्रार्थना करा, त्यात कमीपणा नाही.

वाचायचं म्हणाल तर पहिल्या पानापासून सुरू करू नका, लेवीय ह्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जाता जाता दम लागतो आणि पुस्तक कपाटात जातं. लूकचं शुभवर्तमान घ्या, चोवीस अध्याय आहेत, रोज एक. पंधराव्या अध्यायावर दोन-तीन दिवस थांबा. तिथं येशूने दोन मुलांची गोष्ट सांगितलीय, धाकटा वाटणीचा पैसा उधळून परत आला तो तर बऱ्याच जणांना माहीतच आहे, बाप त्याला लांबून बघून धावत गेला, त्याचं पाठ केलेलं माफीचं भाषण पुरं होऊ पण दिलं नाही. पण थोरल्याकडं पण बघा, तो घरातच होता, शेतात राबत होता, आणि बापावर रुसून बाहेर उभा होता, आणि बाप त्याला समजवायला पण बाहेर आला. आपण चर्चमध्ये वाढलेले बरेचसे ते थोरले आहोत. लूक झाल्यावर रोमकरांस पत्र, त्यातले पहिले आठ अध्याय, हळूहळू. छापील बायबल नसेल तर यूव्हर्जन ॲपवर मराठीत फुकट आहे, डोळे कमजोर असतील तर त्यात अक्षर मोठं करता येतं. जे कळलं नाही तिथं खूण करून ठेवा आणि रविवारी पाळकांना विचारा, उपासना संपली की ते बहुधा दारापाशीच उभे असतात.